कंपायलरची स्थिर आवृत्ती: 'कधी' ठरवण्याआधी काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मुक्तस्रोत कंपायलर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणारा प्रोग्रॅम), ज्या भाषेचा आहे त्याच भाषेत लिहिलेला. विंडोज, लिनक्स, मॅकओएस आणि दोन-तीन एआरएम बोर्डांवर चालतो. मागची स्थिर आवृत्ती निघून तीन वर्षं झाली. मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे रोजचं काम जिथे जमा होतं त्या कोडमध्ये, तोवर बरंच काही साचलंय. नियमित काम करणारे सात-आठ जण, सगळे नोकरी सांभाळून. वापरणारे सारखे विचारतात, नवी आवृत्ती कधी? तर नियोजनाला सुरुवात कुठून करायची?

अशाच एका कंपायलरच्या आवृत्त्या काढण्यात मी बरीच वर्षं घातली आहेत. दोन आवृत्त्या ठरल्यापेक्षा खूप उशिरा निघाल्या आणि एक जशी निघाली तशी निघायला नको होती. तिची गोष्ट पुढे येईलच. त्यावरून सांगतो, फीचरची यादी करायला बसू नका. यादी आधीच हवी त्यापेक्षा मोठी आहे. सात-आठ माणसांना पुढची दोन-अडीच वर्षं कोणती वचनं पाळता येतील, ते मोजा. आवृत्तीत काय असेल ते त्यावरून ठरतं.

कारण 'स्थिर' म्हणजे बग नसलेली नव्हे. तसा कंपायलर अजून कुणी काढलेला नाही. स्थिर म्हणजे तीन वचनं. काल कंपाइल होणारा कोड उद्याही होईल आणि त्याचा अर्थ तोच राहील. एकाच मालिकेत कंपाइल केलेल्या फाइली आणि लायब्ररी एकमेकींशी जुळतील, म्हणजे एबीआय (कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी कसे जोडायचे याचे नियम) मध्येच बदलणार नाही. आणि गंभीर बग निघालाच, तर त्याच मालिकेत दुरुस्ती मिळेल. 'मुख्य ब्रँच घेऊन बघा' असं उत्तर ऐकावं लागणार नाही. पहिलं वचन गो या भाषेच्या मंडळींनी मार्च २०१२ मध्ये गो १ बरोबर लेखी देऊन टाकलं. दुसरं किती महागात पडतं ते जीसीसी या सी-सी++ कंपायलरच्या ५ व्या आवृत्तीच्या वेळी, २०१५ साली, दिसलं. सी++११ च्या नियमांपायी स्टँडर्ड लायब्ररीतल्या स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलावी लागली. जुनी आणि नवी अशा दोन्ही रचना एकाच लायब्ररीत शेजारी शेजारी ठेवल्या, तरीही लिनक्स वितरणांना (लिनक्स आणि त्यावरचं सॉफ्टवेअर एकत्र बांधून देणाऱ्यांना) ढिगानं पॅकेजेस पुन्हा बिल्ड करावी लागली. तुमच्याकडे असा एबीआय मोडणारा बदल अडकून पडला असेल तर तो याच खेपेला घ्या. दुरुस्ती-आवृत्तीत त्याला जागा नाही.

आवृत्तीच्या क्रमांकावर फार वेळ घालवू नका. फ्री पास्कल या कंपायलरमध्ये मधला आकडा सम असला की स्थिर, विषम असला की विकासातली. जीसीसीत ५ पासून पुढे .० ही आवृत्ती विकासातली आणि .१ ही पहिली प्रकाशित. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पानं २०२४ मध्ये १८ पासून तीच रीत उचलली. कुठलीही चालेल. फक्त विकासातल्या स्नॅपशॉटवर (मध्येच काढलेल्या प्रतीवर) प्रकाशित वाटेल असा क्रमांक राहू देऊ नका. २००० साली एका लिनक्स वितरणानं जीसीसीचा विकासातला स्नॅपशॉट '२.९६' म्हणून दिला. मग जीसीसीच्या सुकाणू समितीला जाहीर करावं लागलं की अशी आवृत्ती आम्ही काढलेलीच नाही, आणि तिनं बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) ना २.९५.२ शी जुळतात ना येणाऱ्या ३.० शी.

आता तीन वर्षांकडे येतो, कारण घोडं तिथेच पेंड खातंय. दोन आवृत्त्यांमधलं अंतर वाढलं की प्रत्येकाला आपलं काम याच आवृत्तीत बसवायचं असतं. पुढची कधी निघेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे तो त्याच्या जागी बरोबरच असतो. म्हणून आवृत्ती थांबते, थांबली म्हणून आणखी कामं येतात, आणि ती आली म्हणून ती पुन्हा थांबते. फ्री पास्कल ३.०.० नोव्हेंबर २०१५ मध्ये आली आणि ३.२.० जून २०२० मध्ये. थोड्या स्वयंसेवकांच्या कुठल्याही प्रकल्पाचं असं होऊ शकतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. यातून सुटायचा एकच मार्ग मला माहीत आहे: तारीख पक्की, आशय सैल. जीसीसी साधारण वर्षाला एकदा, एप्रिल-मेच्या सुमारास निघतो. गो आणि एलएलव्हीएम वर्षातून दोनदा. रस्ट या भाषेचा कंपायलर दर सहा आठवड्यांनी. रस्टचं वेळापत्रक बघून भुलू नका. त्यामागे 'क्रेटर' नावाचं यंत्र आहे, जे सार्वजनिक पॅकेजेस जुन्या आणि नव्या कंपायलरनं बिल्ड करून काय मोडलं ते सांगतं, आणि ते चालवायला माणसं आहेत. तुम्हाला वर्षाला एक भरपूर झाली. पण 'या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी नक्की' हे वाक्य लोकांना खरं वाटलं पाहिजे. ते वाटायला लागेपर्यंत दोन आवृत्त्या जातात, पहिल्या खेपेला भांडणं होतीलच.

रिलीज ब्रँच कापण्याआधी, म्हणजे आवृत्तीसाठी कोडची वेगळी शाखा काढण्याआधी, एक काम करा, आणि ते आजच करता येईल. कोऱ्या मशीनवर तीन वर्षांपूर्वीची स्थिर आवृत्ती बसवा आणि तिनं मुख्य ब्रँच बिल्ड करून पाहा. विकासक मंडळींच्या मशीनवर गेल्या आठवड्याचा कंपायलर असतो. मधल्या काळात कुणीतरी नवं भाषा-वैशिष्ट्य खुद्द कंपायलरच्या सोर्समध्येच वापरलेलं असतं, आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. वितरणांकडे मात्र तुमची जुनी स्थिर आवृत्तीच आहे; त्यांना तिच्यावरूनच वर चढायचंय. फ्री पास्कलमध्ये नियम असा की सुरुवातीचा कंपायलर म्हणून फक्त मागची प्रकाशित आवृत्ती गृहीत धरायची. गोनं ऑगस्ट २०१५ मध्ये १.५ ला कंपायलर सी भाषेतून गोमध्ये आणला, तेव्हा बिल्डसाठी १.४ पुरेल असं ठरवलं आणि ते कितीतरी वर्षं पाळलं, १.२० पासून १.१७ लागू लागलं. तुमचा नियम कोणताही असो, तो लिहून ठेवा आणि रोज रात्री कोऱ्या मशीनवर तपासला जाईल अशी सोय करा.

त्याच्याच जोडीला तीन टप्प्यांचं बिल्ड. जुन्या कंपायलरनं नवा बनवायचा, त्या नव्यानं स्वतःलाच पुन्हा, आणि आलेल्यानं आणखी एकदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फाइली बाइट-न्-बाइट सारख्या आल्या पाहिजेत. दोन्ही टप्प्यांचा सोर्स एक, त्यांना बनवणाऱ्या कंपायलरांचं वागणंही एकच असायला हवं, म्हणून फरक पडायला कारणच नाही. पडला तर कोड चुकीचा बनतोय किंवा कंपायलरमध्ये कुठेतरी अनिश्चितता शिरली आहे.

एकदा आमच्या पहिल्या रिलीज कँडिडेटला (अंतिम ठरू शकेल अशा चाचणी-आवृत्तीला) ही तुलना एकाच एआरएम बोर्डावर फसली. एक फाइल, जेमतेम बारा-पंधरा बाइटांचा फरक. पुन्हा चालवलं, पास. तिसऱ्यांदा चालवलं, वेगळ्याच फाइलमध्ये फरक. एकानं सुचवलं, बोर्डच गंडलाय, मेमरी खराब असेल, या प्लॅटफॉर्मवर तुलना बंद करू आणि पुढे जाऊ. मोह मलाही झाला. पण दोन वेगळ्या बोर्डांवर तसंच झाल्यावर तो बहाणा संपला. तीन रात्री घालवल्यावर सापडलं ते असं: कोड लिहून काढण्याआधी चिन्हांची (प्रोग्रॅममधल्या नावांची) एक यादी क्रमानं लावली जात होती, आणि क्रम लावायला पॉइंटरचा पत्ता, म्हणजे मेमरीतली जागा, वापरला होता. मोठ्या मशीनवर आमचा अ‍ॅलोकेटर (मेमरी मागून घेणारा भाग) एकदाच मोठा तुकडा घ्यायचा, त्यामुळे आधी जन्मलेल्या चिन्हाचा पत्ता नेहमी लहान, आणि क्रम योगायोगानं बरोबर यायचा. बोर्डावर मेमरी कमी, म्हणून तो छोटे छोटे तुकडे मागायचा, आणि पत्ते मुद्दाम अनियमित ठेवणारी ऑपरेटिंग सिस्टिम ते वाटेल तिथून द्यायची. दुरुस्ती एका ओळीची: पत्त्याऐवजी अनुक्रमांकावर क्रम लावा. ती तुलना बंद केली असती, तर एकाच सोर्समधून दर वेळी वेगळी बायनरी देणारा कंपायलर आम्ही 'स्थिर' म्हणून वाटला असता.

कोणत्या काळात काय आत येऊ द्यायचं, यावर सगळ्यात जास्त वाद होतात. जीसीसीची पद्धत मला अजूनही सर्वांत शहाणी वाटते. पहिल्या टप्प्यात नवी कामं, तिसऱ्यात बगदुरुस्त्या, चौथ्यात फक्त रिग्रेशन आणि दस्तऐवज. (दुसरा टप्पा कधीकाळी होता, आता नाही, पण बाकीच्यांचे आकडे कुणी बदलले नाहीत.) रिग्रेशन म्हणजे मागच्या स्थिर आवृत्तीत चालत होतं ते आता चालत नाही. ही व्याख्या कोरडी वाटते, पण तीच तुम्हाला वाचवते. दहा वर्षं जुना, कितीही ओंगळ बग असला तरी तो आवृत्ती अडवत नाही, कारण वापरणाऱ्याची परिस्थिती त्यानं कालच्यापेक्षा वाईट होत नाही. सर्वोच्च प्राधान्याच्या रिग्रेशनांचा आकडा शून्यावर आला की आवृत्ती निघते, आणि एखादं रिग्रेशन त्या प्राधान्याचं आहे की नाही ते तुमच्याकडे एकाच माणसानं ठरवावं. समिती नको. तो माणूस शक्यतो नव्या फीचरमध्ये जीव अडकलेला नसावा.

दुरुस्तीची दिशाही एकच ठेवा: आधी मुख्य ब्रँच, मग तिथून रिलीज ब्रँच. घाईत कुणीतरी थेट रिलीज ब्रँचमध्ये दुरुस्ती करतो, मुख्य ब्रँचमध्ये न्यायची राहून जाते, आणि वर्षभरानं तोच बग पुढच्या आवृत्तीत हजर होतो. एकच बग दोनदा दुरुस्त करण्याइतकं चिडवणारं दुसरं काही नसतं.

मोठी फीचर्स आत घेताना प्रत्येकाला बंद करायचं बटण आहे ना, ते विचारा. रस्ट १.५२.० ही ६ मे २०२१ ला आली. तिच्यातल्या नव्या तपासणीमुळे इन्क्रिमेंटल कंपाइलमधले (फक्त बदललेला भाग पुन्हा कंपाइल करण्यातले) आधीपासूनचे दोष उघडे पडले आणि लोकांचे बिल्ड अंतर्गत चूक दाखवून थांबू लागले. १० मे ला १.५२.१ आली, तिच्यात इन्क्रिमेंटल कंपाइल सरळ बंद ठेवलं होतं. चार दिवसांत हे जमलं कारण बंद करणं शक्य होतं. जे फीचर कोडभर असं पसरलंय की काढताच येत नाही, ते ब्रँच कापायच्या आदल्या महिन्यात मर्ज झालं (मुख्य ब्रँचमध्ये मिसळलं) असेल तर ब्रँच त्या मर्जच्या आधीच्या कमिटवरून (नोंदवलेल्या बदलावरून) कापा.

प्लॅटफॉर्मचं गणित माणसांवर येतं. रस्टमध्ये तीन स्तर आहेत: पहिल्यात चालेल याची हमी, दुसऱ्यात बिल्ड होईल याची, तिसऱ्यात कोड आहे इतकंच. तुमच्या प्रत्येक प्लॅटफॉर्मपुढे एकच प्रश्न लिहा: रिलीज कँडिडेट निघाल्यापासून दोन दिवसांत या मशीनवर पूर्ण टेस्ट सूट (चाचण्यांचा संच) कोण चालवणार? नाव लिहिता आलं नाही तर तो प्लॅटफॉर्म खालच्या स्तरावर जातो, मग त्याचे वापरकर्ते कितीही असोत. हे जाहीर केलं की गंमत होते. वर्षानुवर्षं गप्प असलेला कुणीतरी 'मी चालवतो' म्हणून पुढे येतो. नाही आला, तर निदान खोटी हमी तरी दिली गेली नाही.

प्लॅटफॉर्मागणिक फसवणाऱ्या जागा सगळ्यांना ठाऊक असतात, तरी दर वेळी कुणीतरी तिथेच पडतं. सी भाषेतला साधा कॅरेक्टर प्रकार एक्स८६ (इंटेल-एएमडी) चिपवर अधिक-उणे चिन्हासह असतो, एआरएम लिनक्सवर चिन्हाविना. रनटाइमचा काही भाग सीमध्ये असेल तर ऋण एकशी केलेली तुलना तिथे कधीच खरी ठरत नाही. मेमरीचं पान सगळीकडे ४ किलोबाइटचं नसतं, अ‍ॅपलच्या एआरएम चिपवर १६ चं असतं आणि काही सर्व्हरवर ६४ चं. विंडोजवर पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची, आणि टेस्ट सूटमधली फोल्डरं एकात एक अशी किती खोल जातात याचा हिशोब कुणी ठेवलेला नसतो. लिनक्सची बायनरी जुनी ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) असलेल्या सिस्टिमवर बनवा. नव्यावर बनवलेली जुन्यावर सुरूच होत नाही, उलट चालतं. मॅकओएसला २०१९ च्या कॅटालिनापासून बाहेरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरसाठी अ‍ॅपलचं नोटरायझेशन (त्यांनी तपासून दिलेली मान्यता) लागतं, आणि एआरएम मॅकवर सही नसलेला एआरएम कोड चालतच नाही. म्हणजे तुमचा कंपायलर जे प्रोग्रॅम बनवतो त्यांनाही निदान तात्पुरती सही लागणार. विकासकाच्या खात्याची मुदत आणि सहीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, हे आधी पाहून ठेवा. माहीतगार एकटाच असेल आणि तो नेमका प्रवासात असेल, असं हमखास होतं.

एक फास जरा खोलात सांगण्यासारखा आहे. जुन्या एक्स८७ या गणिती एककाची फ्लोटिंग पॉइंट (अपूर्णांक धरणारी) संख्या ८० बिटांची. ६४ बिटांच्या विंडोजवर बऱ्याच कंपायलरांमध्ये तोच प्रकार ६४ बिटांचा. आता तुमचा कंपायलर सोर्समधले स्थिरांक, म्हणजे समजा ०.१, ज्या मशीनवर चालतोय त्याच मशीनच्या अंकगणितानं काढत असेल, तर विंडोजवरून ३२ बिटांच्या लिनक्ससाठी क्रॉस-कंपाइल केलेल्या (एका मशीनवर बसून दुसऱ्यासाठी बनवलेल्या) प्रोग्रॅममध्ये ०.१ साधारण सोळाव्या आकड्यानंतर चुकतो, आणि थेट लिनक्सवर बनवलेल्यात तो एकोणिसाव्यापर्यंत बरोबर असतो. टेस्ट दोन्हीकडे पास होतात, कारण प्रत्येक मशीन आपल्यापुरतं सुसंगत असतं. उपाय हाच की लक्ष्य मशीनच्या संख्या सॉफ्टवेअरमध्येच मोजायच्या. जीसीसी ४.३ पासून, म्हणजे २००८ पासून, बिल्डला एमपीएफआर ही अचूक गणिताची लायब्ररी सक्तीची झाली तीही असल्याच हिशोबांसाठी. आणि पकडायची युक्ती फुकटची आहे: तोच प्रोग्रॅम प्रत्येक मशीनवरून एकाच लक्ष्यासाठी क्रॉस-कंपाइल करा आणि येणाऱ्या बायनरी बाइटांनी ताडून पाहा. आमच्याकडे हे पहिल्यांदा केलं तेव्हा चार मशीनमधून तीन वेगळी उत्तरं आली.

तुमचा स्वतःचा टेस्ट सूट हिरवा असणं आवश्यक आहे, पण पुरेसं अजिबात नाही. तो तुम्हाला आधीच सुचलेल्या चुका तपासतो. क्रेटर परवडणार नाही, पण तुमच्या भाषेतले तीस-चाळीस मोठे, जिवंत प्रकल्प निवडून जुन्या आणि नव्या कंपायलरनं बिल्ड करणं एका मशीनचं रात्रभराचं काम आहे. फक्त बिल्ड नको, त्यांच्या टेस्टही चालवा. यदृच्छ प्रोग्रॅम बनवून कंपायलर ठोकणारी साधनंही जबर आहेत. युटा विद्यापीठात घडलेल्या सीस्मिथनं सी कंपायलरांमध्ये ३२५ हून जास्त बग काढले, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र असलं साधन ब्रँच कापण्याच्या बरंच आधी चालवा. नंतर चालवलंत तर जुन्या बगांचा पूर येईल, आणि त्यातून रिग्रेशन वेगळी काढता काढता तारीख निघून जाईल.

रिलीज कँडिडेटांमध्ये दोन-दोन आठवड्यांचं अंतर ठेवा आणि तीन धरूनच चाला. बीटाकडे फारसं कुणी बघत नाही. कँडिडेट हा शब्द दिसला की लोक जागे होतात. पहिल्यात इन्स्टॉलर किंवा पॅकेजिंगचंच काहीतरी निघतं, दुसऱ्यात खरे बग येतात. शेवटचा कँडिडेट आणि अंतिम आवृत्ती यांच्यात आवृत्ती क्रमांक सोडून एका अक्षराचाही फरक नको. आमची जी निघायला नको होती, ती इथेच घसरली. शेवटच्या कँडिडेटनंतर कुणीतरी एका लायब्ररी फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर लहानाचं मोठं केलं, दस्तऐवजाशी जुळावं म्हणून. विंडोज आणि मॅकओएसवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, तिथे सगळं ठीक. लिनक्सवर त्या लायब्ररीचं नाव घेणारा प्रत्येक प्रोग्रॅम 'फाइल सापडली नाही' म्हणून थांबला. आम्ही घाबरून त्याच नावाची फाइल सर्व्हरवर गुपचूप बदलली. ती तर आणखी मोठी चूक, कारण मिरर (आमच्या फाइलींच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) आणि वितरणांनी चेकसम (फाइल बदलली की बदलणारे ओळख-आकडे) आधीच नोंदवले होते आणि त्यांना वाटलं सर्व्हरवर कुणी हल्ला केलाय. निघालेली फाइल बदलायची नाही. पुढचा क्रमांक द्यायचा, भले तो दुसऱ्याच दिवशी का असेना.

तुमच्यासाठी हिशोब मांडायचा तर कोऱ्या मशीनवरचं बिल्ड आणि क्रॉस-कंपाइलची ताडणी यांना महिना धरा, बाहेरच्या प्रकल्पांची चाचणी त्याला समांतर. मग ब्रँच, मग दीड-दोन महिने कँडिडेट. सुसंगतता मोडणाऱ्या बदलांची नोंद या काळात लिहायला बसाल तर तीन वर्षांचे कमिट उपसावे लागतील. या वेळी ते करावंच लागेल, पण इथून पुढे असा बदल मर्ज होताना त्याची दोन ओळींची नोंद सोबत मागा, नसेल तर मर्ज नाही. आणि पहिल्या दुरुस्ती-आवृत्तीची तारीख आत्ताच लिहून ठेवा, अंतिम आवृत्तीनंतर सहा ते आठ आठवड्यांची. वापरणारे बहुसंख्य लोक पहिला कँडिडेट बघतच नाहीत, ते अंतिम आवृत्तीची वाट बघतात, आणि खऱ्या तक्रारी ती निघाल्यावर पंधरा दिवसांत येतात. ती तारीख आधीच ठरलेली असेल तर शेवटच्या आठवड्यात 'हे एवढं घेऊच या' म्हणणाऱ्याला तुम्ही भांडण न करता सांगू शकता की त्याचं काम रिग्रेशनची दुरुस्ती असेल तर त्या तारखेला, नाहीतर पुढच्या वर्षी.